हाताने घडवलेली, म्हणे!

1930 सालची मोटरबोट अमेरिकेत आजही नवी करकरीत विकत मिळते. लांबसडक महॉगनीचं अंग, क्रोमच्या पट्ट्या, चामड्याच्या बैठका. सोबतच्या गुळगुळीत पुस्तिकेत 'परंपरा', 'वारसा', 'कारागिराचा हात' हे शब्द प्रसादाच्या खडीसाखरेसारखे मुठीमुठीने वाटलेले. बोटीवर माझा राग नाही, दिसते झकासच. राग आहे तो पुस्तिकेवर.

मुळात ज्या बोटींची ही नक्कल चालते, त्यांतल्या सगळ्यात नावाजलेल्या बोटी कारखान्याचा माल होत्या. मिशिगनमधल्या अल्गोनॅक गावात ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ (होय, आईबापांनी खरंच हे नाव ठेवलं होतं) आणि त्याची पोरं यांनी 1922 साली कंपनी काढली. तीच पुढे ख्रिस-क्राफ्ट झाली. या मंडळींची करामत हीच की फोर्डने मोटारीचं जे केलं, ते त्यांनी बोटीचं केलं: ठरलेली मॉडेलं, एका मापाचे भाग, झटपट जुळणी. दुसऱ्या महायुद्धात सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हजारो होड्या त्यांनी अशाच धडाक्यात बांधल्या. त्या कारखान्यात घाम गाळणाऱ्या सुतारांना आता तंद्रीत रंधा मारणारे ऋषिमुनी करून टाकलंय.

त्या पिढीला जुन्याचं कौतुक नव्हतंच. शर्यतीच्या बोटी बांधणाऱ्या आणि पळवणाऱ्या गार वुडने पहिल्या महायुद्धातली उरलेली लिबर्टी विमान-इंजिनं घेऊन बोटींत बसवली. 1932 साली त्याची 'मिस अमेरिका टेन' पॅकार्डच्या चार इंजिनांवर ताशी 124 मैलांच्या वर पळाली. असल्या माणसाला इपॉक्सीसारखं चिवट, गोंदासारखं रसायन मिळालं असतं तर त्याने ते पिंपांनी मागवलं असतं, आणि तसं छातीठोकपणे सांगितलंही असतं.

आजचे विक्रेते इथेच ततपप करतात. जुन्या बोटीच्या तळाला फळ्यांचे दोन थर असत आणि मधे लेप दिलेलं कॅनव्हास. हिवाळाभर कोरडी राहिली की फळ्या आकसत. वसंतात पाण्यात सोडली की बोट आधी गळायची. लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत मालक पंपाशेजारी बसून राही. नव्या बहुतेक बोटींत इपॉक्सी किंवा तसलंच चिवट रसायन सगळं घट्ट धरून ठेवतं. हे उत्तमच आहे! पण एका विक्रेत्याला मी तळाबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, "अगदी पारंपरिक बांधणी." मग दर वसंतात भिजवून फुगवावी लागते का? "छे छे, ती कटकट आमच्याकडे नाही." दोन्ही वाक्यं एका दमात, आणि चेहऱ्यावर सुरकुती नाही.

मग मी वाकून डेक पाहिला. फळ्यांच्या मधून पांढऱ्या रेघा सुरेख गेलेल्या. कडेच्या झाकणापाशी कापलेली बाजू उघडी होती: वर महॉगनीची पातळ पट्टी, खाली प्लायवूडचे थर. म्हणजे त्या पांढऱ्या रेघा नुसता देखावा: ज्या सांध्यात पाणी शिरायला फटच नाही, तो सांधा भरल्याची खूण. डॅशबोर्डवर जुन्या धाटणीच्या गोल तबकड्या, त्यांच्या मागे सेन्सरच्या वायरींचं जंजाळ. इंजिन इंधन-इंजेक्शनचं व्ही-एट. वार्निशचे पंधरा-वीस हात, तेही असे की कारखान्यातून निघालेली मूळ बोट शेजारी उभी केली तर गरीब दिसावी.

हाताने घडवलेली बोटच हवी, तर तीही ख्रिस-क्राफ्टनेच विकली होती. 1950 पासून कंपनी सुट्या भागांचे संच विकायची. लोकांनी ते गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, बोटं ठेचून घेत जोडले. रेघ वाकडी, स्क्रू तिरका, पण हात खरा. तसल्या बोटीची हुबेहूब नक्कल करून कुणी दाखवावी. गिऱ्हाईक ढुंकून बघणार नाही.

म्हणून पुस्तिका नव्याने छापा. तळ काय, गोंद कुठला, इंजिन कुठलं, साल कोणतं, सगळं पहिल्या पानावर येऊ द्या. आणि हो, मी चाळलेल्या पुस्तिकेत मेलेल्या शर्यतवीरांची नावं पानोपानी होती, 'कारागिराचा हात' तर ठायीठायी होता. पण ती बोट ज्यांनी घासली, चिकटवली, वार्निश केली, त्यांतल्या एकाचंही नाव कुठे नव्हतं. तेही छापा.