पालकत्व ही मालकी नव्हे

घटस्फोट झाला की नवरा सुटतो, मुलांचा बाप सुटत नाही. दारू पिऊन पोरांना बेदम मारणारा माणूसही निकालानंतर ‘माझी पोरं मला भेटू द्या’ म्हणत दारात उभा राहतो आणि चारचौघे बाईलाच समजावतात, ‘काही झाले तरी बाप आहे.’ मग वाळूजच्या कारखान्यात रोजंदारी करणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आई वकिलाला एकच प्रश्न विचारते: या माणसाचा मुलांवरचा हक्क कायमचा संपवता येतो का?

काही देशांत न्यायालयाच्या एका हुकमाने आईबापाचे पालकत्व कायमचे संपते. आपल्याकडे तसा थेट अर्ज नाही. आपल्याकडे आहे तो १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडले, त्याचे तुकडे करून पुढे जे चार कायदे झाले, त्यांतला हा एक. तो बौद्धांनाही लागू आहे. त्याचे कलम ६ म्हणते, मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई. मग बाप अपात्र कधी ठरतो? त्याने धर्म सोडला तर, किंवा संन्यास घेतला तर! पोटच्या पोरीला चटके देणाऱ्या बापाचा या कलमात उल्लेखही नाही. बाईला शेत आणि पुरुषाला बी मानणाऱ्या मनूची सावली स्वतंत्र भारताच्या कायद्यावरही पडली, ती अशी.

न्यायालयांनी मात्र या भिंतीला खिंडारे पाडली आहेत. विदर्भातील एका शेतजमिनीच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की वीस वर्षे वेगळ्या राहिलेल्या आणि मुलीकडे ढुंकूनही न पाहिलेल्या बापाच्या हयातीतही आई पालक ठरते. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ ‘मेल्यावर’ असा नसून ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा आहे, आणि बापाची बेफिकिरी हीसुद्धा अनुपस्थितीच, असे ठरले. संविधानातील समतेच्या तत्त्वाने हा अर्थ लावायला भाग पाडले.

तेव्हा आईने हातपाय गाळण्याचे कारण नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार बाप अपात्र असल्याचे सिद्ध करून स्वतःला पालक घोषित करून घेता येते. १९५६ च्या कायद्याचेच कलम १३ सांगते, की मुलाचे हित सर्वोच्च. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २१ तर आणखी स्पष्ट आहे. बापाच्या भेटीने मुलाला अपाय होईल असे दंडाधिकाऱ्यांना वाटले, तर भेट नाकारलीच पाहिजे. लैंगिक अत्याचार असेल तर तडजोडीच्या बैठका घेत बसू नये, थेट पोक्सोखाली गुन्हा नोंदवावा.

परंतु न्यायालय आसवांवर नव्हे, पुराव्यावर चालते. दवाखान्याचा केसपेपर, पोलीस ठाण्यातील एनसी, शिक्षकांनी पाहिलेले वळ, धमकीचे संदेश हे सारे जपून ठेवावे. मूल जाणते असेल तर न्यायाधीश त्याचेही म्हणणे ऐकतात. हेही लक्षात ठेवावे, की बाप गरीब आहे, बेकार आहे म्हणून तो अपात्र ठरत नाही. नवऱ्यावरचा सूड म्हणून मुलाला बापापासून तोडणे हाही त्या मुलावर अन्यायच आहे. आणि ताबा गेला, भेट बंद झाली, तरी बापाची पोटगीची जबाबदारी संपत नाही. वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे वस्तीवस्तीत सांगितले गेले पाहिजे.

आपल्या समाजातील आईपुढे एक जादा अडचण आहे, ती कागदाची. अनुसूचित जातीच्या मुलाच्या जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि तो बापाच्या घराण्याकडचा. म्हणजे ज्याच्यापासून मुलाला वाचवले, त्याच्याच उंबरठ्यावर आजोबांच्या दाखल्यासाठी जायचे! मुलाच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली घेतला. स्वागत आहे. पण नाव आईचे आणि पुरावा बापाचा, ही कसली समता?

विधी आयोगाने १९८९ साली आणि पुन्हा २०१५ साली कलम ६ मधील बापाचे अग्रस्थान काढून टाकावे, अशी शिफारस केली. संसदेने ती बासनात गुंडाळून ठेवली आहे. आता मागणी स्पष्ट हवी. आई आणि बाप समान पालक असावेत, हिंसा करणाऱ्याला अपात्र ठरवणारे शब्द कायद्यातच लिहावेत आणि न्यायालयाने मूल आईकडे सोपवले असेल तिथे जातीचा पुरावा मिळवून देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी. तोवर वस्तीतल्या चारचौघांनी निदान एवढे करावे: मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बाईला ‘बाप आहे’ हे ऐकवण्याऐवजी तिच्या बाजूने साक्ष द्यायला कोर्टात उभे राहावे.