स्वरलिपी समोर असू द्या

मैत्रिणींनो, पियानोच्या कार्यक्रमात मुलगी मध्येच अडली की "सराव कमी पडला" म्हणून आपण मोकळ्या होतो. मला हे पटत नाही. घरी बोटं आपसूक चालतात. मंचावर भीतीने लक्ष बोटांकडे गेलं की तीच अडखळतात. मग पुन्हा पहिल्यापासून! त्यापेक्षा मधल्या चार-पाच जागा ठरवून तिथून सुरू करायची सवय लावा, डावा हात एकटा वाजवून घ्या. अडलं की पुढच्या जागेवर जायचं.

आणि पाठच हवं हा हट्ट कशाला? १८३७ मध्ये बर्लिनला क्लारा वीकने बेथोव्हेन पाठ वाजवला, तेव्हा काहींना तो चक्क आगाऊपणा वाटला होता. रिश्टरसारखा थोर वादक उतारवयात स्वरलिपी समोर ठेवूनच वाजवायचा. आपल्या पोरींनीही ठेवावी. पान उलटायला शेजारी आई बसली तरी चालेल.