पार्टी कशाला काढली?

आत्याकडे तमिळनाडूत तिरुविडैमरुदूरला गेले की महालिंगस्वामींचे दर्शन, मग डिग्री कॉफी आणि मग आत्तेभावाशी वाद, हा क्रम ठरलेला. या वेळी विषय निघाला सु. प. उदयकुमारांचा. "माणूस चांगला गं, पण पार्टी कशाला काढली? वाटोळं करून घेतलं." हे वाक्य ऐकले की माझे डोके फिरते.

उदयकुमार म्हणजे कूडंकुळम अणुप्रकल्पाविरुद्ध इडिंदकरैच्या मच्छीमारांबरोबर ठाण मांडून बसलेले नेते. २०१४ मध्ये आम आदमी पक्षातर्फे कन्याकुमारीतून लोकसभेला उभे राहिले, पडले. अणुऊर्जेबद्दल पक्ष भूमिकाच घेईना, म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरात बाहेर पडले. मग 'पच्चै तमिळगम' हा स्वतःचा हिरवा पक्ष काढला. २०१६ मध्ये राधापुरममधून विधानसभा लढवली, पुन्हा पडले.

यात वाटोळे कसले? उपोषणाला बसलेला माणूस आपल्याला चालतो. तोच मत मागायला दारात आला की लगेच त्याला खुर्चीची हाव सुटली म्हणायचे! त्या राधापुरमचा निकाल अवघ्या ४९ मतांनी लागला होता. अशा ठिकाणी छोट्या पक्षाची मते मोठ्यांना मोजावीच लागतात.

आपल्याकडचा जैतापूरचा अणुप्रकल्प आठवा. तिथल्या गावकऱ्यांनी पक्ष काढला नाही. शिवसेना प्रकल्पाविरुद्ध उभी राहिली, नंतर सत्तेतही बसली, तरी प्रकल्प काही रद्द झाला नाही. आपले म्हणणे दुसऱ्याच्या झेंड्याखाली ठेवले की तो झेंडा वळेल तिकडे ते जाते.

माझी तक्रार वेगळी आहे. किनाऱ्यावरच्या बायका पोराबाळांसकट मांडवात बसल्या, पोलिसांना सामोऱ्या गेल्या; पण पक्षाचे नाव काढले की अजून एकच चेहरा आठवतो. त्या बायकांमधून दुसरी फळी उभी राहायला हवी होती.

आणि हे लांबच्या किनाऱ्याचे दुखणे नाही. याच तिरुविडैमरुदूर तालुक्यात कदिरामंगलम आहे. गोविंदपुरमच्या विठ्ठलाला येणारी आपली मंडळी तिकडे फारशी वळत नाहीत. ३० जून २०१७ ला तिथे ओएनजीसीची वाहिनी फुटली आणि कच्चे तेल शेतात पसरले. ज्या मातीत भाताची रोपे लावायची, तिच्यावर काळा तवंग. जिल्हाधिकारी आल्याशिवाय हटणार नाही म्हणून लोक अडून बसले, तर लाठीमार झाला. मिथेन उपशाविरुद्धच्या चळवळीचे प्रा. त. जयरामन यांना इतरांबरोबर तुरुंगात टाकले. गाव मात्र मागे हटले नाही, आंदोलन पुढे चालूच राहिले.

त्याच रेट्यातून २०२० मध्ये कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी संरक्षित शेती क्षेत्राचा कायदा झाला. केला अण्णा द्रमुक सरकारने. २०२३ मध्ये याच भागातले कोळशाचे पट्टे लिलावात निघाले, तेव्हा विधानसभेत सत्ताधारी नि विरोधक एका सुरात बोलले आणि केंद्राला ते पट्टे मागे घ्यावे लागले. हे सारे मोठे पक्ष शेतकऱ्यांच्या मागून चालत आले.

पण २०२० च्या त्या कायद्याने नव्या तेलविहिरी थांबल्या, जुन्या चालूच आहेत. वाहिन्या अजून भातशेतीखालून जातात. त्या कधी तपासल्या, कोणी तपासल्या, पुन्हा फुटल्या तर भरपाई किती दिवसांत मिळणार, हे विधानसभेत उभे राहून विचारायला कदिरामंगलमची एखादी बाई का नको? ती उभी राहिली तर आत्तेभावाने तिला मत द्यावे, एवढेच माझे म्हणणे.