आधी वाट तर ठेवा

अलीकडं चालायलासुद्धा नाव नोंदवावं लागतं. पैसे भरायचे, छातीवर नंबर लावायचा, ठरलेल्या तासांत पंचवीस, पन्नास नाहीतर शंभर किलोमीटर तोडायचे आणि शेवटी गळ्यात पदक घालून फोटो काढायचा. याला म्हणतात चॅलेंज. आधी हे सगळं सिंहगड, राजगड, तोरण्याच्या अंगानं चालायचं. आता ते डोंगर उतरून आमच्या घोड नदीच्या खोऱ्यात, वावराच्या बांधापर्यंत आलंय.

चालणाऱ्यांवर माझा राग नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. माणसानं चालावं. शहरातल्यानं तर जास्तच चालावं. माझं भांडण निराळं आहे. ज्या वाटांनी हे चालणं व्हायचं, त्या वाटाच आता राहिल्या नाहीत. त्याबद्दल चालणारा बोलत नाही, चालवणारा बोलत नाही आणि गाव तर मुळीच बोलत नाही.

मागं एका पौषात पुण्याकडची पंधरा-वीस माणसं सकाळी सातच्या सुमाराला माझ्या कांद्यात शिरली. लागण होऊन आठ दिवस झालेले, रात्रीचं पाणी दिलेलं. वाफ्यात घोट्याएवढा चिखल. मी पलीकडून आरडलो, तशी ती थांबली. पुढचा पोरगा हातातला फोन दाखवून म्हणाला, "काका, मॅपमध्ये तर इथून वाट दाखवतोय."

म्हटलं, "दाखवत असंल बाबा. फोनात हाय, वावरात न्हाई."

माणसं वाईट नव्हती. एका मुलीनं तर वाकून तुडवलेली रोपं परत उभी करायला घेतली. मी त्यांना बांधावर आणलं, पाणी पाजलं, रस्त्याला लावून दिलं. पण बघितलं, तर आदल्या दिवशी कुणीतरी येऊन बांधावरच्या बाभळीला रंगीत फिती बांधून गेलेलं. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. ज्यांनी हा कार्यक्रम भरवला होता, त्यांच्या माणसाला फोन लावला तर म्हणतो, "आमच्याकडं परवानगी आहे." कुणाची, ते त्याला सांगता येईना. कांदा माझा, बांध माझा आणि परवानगी भलत्याचीच!

तरीपण खरी गोष्ट पुढंच आहे. फोनातली ती रेघ सगळीच खोटी नव्हती. जुनी पायवाट माझ्या वावराच्या कडेनं जाते आणि माझ्या हद्दीत ती अजून आहे. पुढं दोन वावरं ओलांडली की ती उसात जाते आणि तिथंच संपते. माणसं उसाला अडली, वाट शोधत वळली आणि माझ्या कांद्यात आली. म्हणजे फिती बांधणाऱ्यानं विचारलं नाही हा एक गुन्हा, आणि वाट नांगरणाऱ्यानं वाट नांगरली हा दुसरा. पहिल्या गुन्ह्यावर गाव चार दिवस तावातावानं बोललं. दुसऱ्यावर कुणी तोंड उघडलं नाही.

माझ्या लहानपणी गावाच्या चारी अंगांनी वाटा होत्या, आणि प्रत्येकीला नाव होतं. मळ्याची वाट, ओढ्याची वाट, मसणवटीची वाट, नदीची वाट. बैलगाडी जायची ती पाणंद. दोन्हीकडं निवडुंग, करवंद, बोरी, आणि मध्ये चाकोऱ्या पडलेल्या. माणसाची तेवढी पायवाट. आई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन या वाटेनं यायची. आम्ही शाळेला या वाटेनं जायचो. मंचरला बाजाराला आणि शिवरात्रीला भीमाशंकराला माणसं पायीच निघायची. भीमाशंकर इथून सत्तर किलोमीटरच्या पुढं. मुक्काम करत जायचं, वाटेतल्या गावात कुणाच्याही ओसरीवर टेकायचं. कुणी वेळ लावत नव्हतं आणि कुणी पदकही देत नव्हतं.

या वाटा गेल्या कशा? एका रात्रीत नाही गेल्या. डिंभ्याचं धरण झालं, कालव्याला पाणी आलं, आणि जिरायत रानात ऊस उभा राहिला. पाणी आलं हे चांगलंच झालं, त्याच्यावर आमची चूल पेटली. मात्र त्याच धरणात ज्याच्या नावाचा आमचा तालुका, ते आंबेगाव अख्खं बुडालं. वरच्या आदिवासी गावांच्या कितीतरी वाटा पाण्याखाली गेल्या. त्यांच्या वाटा पाण्यानं नेल्या. आमच्या खालच्या अंगाच्या वाटा आमच्याच नांगरानं नेल्या. रानाला भाव आला, तसा दर नांगरटीला इकडून एक तास आणि तिकडून एक तास आत सरकलं. सव्वाआठ फुटांची वाट चार फुटांची झाली, चाराची वितीची झाली, आणि एका उन्हाळ्यात जेसीबी आला तो वीतही घेऊन गेला. भावाभावांत वाटण्या झाल्या. वाटणी झाली आणि वाट गेली, असं आमच्याकडं कितीतरी घरांत झालं. मधल्या तुकड्यावाल्याला जायला जागा नाही, म्हणून सख्खे भाऊ कोर्टात उभे.

सव्वाआठ फूट हा आकडा मी माझ्या मनानं सांगत नाही. आपल्याकडची जुनी मोजणी साखळीनं झाली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. त्यातले आठ आणे म्हणजे साडेसोळा फूट, ती गाडीवाट. चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट, ती पायवाट. गावनकाशावर त्या तुटक रेघांनी काढलेल्या आहेत. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा नकाशा काढावा आणि उन्हात उभं राहून त्या रेघा रानात शोधाव्यात. निम्म्या जरी सापडल्या तरी मी त्याला गुळाचा चहा पाजीन.

कायदा नाही असंही नाही. चालू वाट कुणी अडवली, तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. ज्याला मुळात वाटच नाही, त्याला १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. मे २०२५ मध्ये सरकारनं निर्णयही काढला, की शेतरस्ता तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत व्हावी. चांगलं आहे. पण बारकाईनं बघा, हे सगळं ट्रॅक्टरसाठी आहे. आणि मामलेदार न्यायालयात दावा लावायचा तर वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. गाडीवाट मोडली की कुणाचातरी ऊस अडतो, म्हणून तो धावतो. पायवाट मोडली तर धावणार कोण? डोक्यावर गवताचा भारा घेतलेली म्हातारी घोडेगावच्या तहसीलला तारखा करणार? गाडीवाटेला वाली आहे, पायवाटेला नाही. सहा महिने तर बोलता बोलता निघून जातात.

आता कुणी म्हणेल, डांबरी झाली, घरोघर मोटरसायकल आली, पायवाटेनं जातंय कोण? मी सांगतो कोण जातं. मजुरीला जाणाऱ्या बाया जातात. ऊसतोडीच्या टोळीतली पोरं शाळेला जातात. ज्यांच्याकडं गाडी नाही ते जातात आणि ज्यांचं गाडी चालवायचं वय सरलं तेही जातात. वाट होती तेव्हा ती मोकळ्यावरून, चार माणसांच्या नजरेतून जायची. आता त्यांना दोन उसांच्या मधल्या सरीतून जावं लागतं. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो हे आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिन्हीसांजेला त्या सरीतून एकदा चालून बघा. चॅलेंज काय असतं ते शंभर पावलांत कळेल.

दुसरा म्हणेल, वाट मोकळी ठेवली तर चोर येतात, विहिरीवरच्या मोटारी आणि केबल जातात. केबल चोरीला जाते हे खरं आहे. पण चोर दिवसा चालणाऱ्या माणसांच्या वाटेनं येत नाही. जिथं कुणी फिरकत नाही, तिथून तो येतो. वर्दळ ही रानाची राखण आहे.

विलायतेत काय आहे ते माझ्या भाच्यानं सांगितलं, तो तिकडं काही वर्षं नोकरीला होता. तिथं लांब पल्ल्याचं चालणाऱ्यांची एक संघटना १९७२ पासून आहे. शंभर मैल ४८ तासांत, असं त्यांचं चॅलेंज असतं. आपल्याकडच्या लोकांनी हे शंभर आणि ४८ चे आकडे उचलले. त्याच्या मागचं नाही उचललं. तिथं १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर जमीनदाराच्या मनाईला न जुमानता माणसं चढली आणि त्यातली पाच जण तुरुंगात गेली. पुढं १९४९ साली कायदा झाला आणि गावोगावच्या पायवाटांचे नकाशे पक्के झाले. आज तिथला शेतकरी वावरातून जाणारी पायवाट पेरणीसाठी नांगरू शकतो, पण चौदा दिवसांत त्यानं ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. त्यानंतर पुन्हा मोडली तर चोवीस तासांत. शेती त्याचीच राहते, पीक त्याचंच राहतं आणि वाटही राहते. आपली जमीन साखळीनं मोजायला लावली ती याच इंग्रजांनी. त्यांनी आपल्या घरच्या वाटा राखल्या. आपण नकाशा कपाटात ठेवला आणि वाट नांगराखाली घातली.

आणि चालणं आम्हाला कुणी शिकवायला नको. तुकोबांची पालखी नारायण महाराजांनी १६८५ साली काढली. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. लाखो माणसं चालतात ती काय बेशिस्तीनं चालतात? दिंडीला नंबर आहे, मुक्काम ठरलेला आहे. माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि एवढा समुदाय गप्प होतो. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं, ते तिथं पुकारलं जातं. त्या चालण्याचं वजन एवढं, की २०२१ साली पालखी मार्गाचं काम सुरू झालं तेव्हा सरकारला रस्त्याच्या कडेला चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरावी लागली. लाखाच्या पायांपुढं सरकार वाकतं ते असं.

आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात जानेवारी १९८० मध्ये शरद जोशी वांद्र्याहून चाकणपर्यंत चालले, ६४ किलोमीटर, बायाबापड्यांना बरोबर घेऊन. मागणी एकच, आम्हाला रस्ता द्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी मुंबईला चालत गेले, १८० किलोमीटर. कितीतरी जणांच्या पायांची सालटी निघाली होती. शेवटचा टप्पा ते रात्रीत चालले, कारण दुसऱ्या दिवशी मुंबईच्या पोरांचा दहावीचा पेपर होता. मी दहावीपर्यंतच शिकलो, म्हणून ती गोष्ट माझ्या जास्त ध्यानात राहिली. चालताना दुसऱ्याची वाट अडणार नाही हे बघणं, याला मी चालणं म्हणतो.

तेव्हा चॅलेंज भरवणाऱ्यांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो, येऊ नका असं मी म्हणत नाही. उलट याच. आमच्या पायवाटेला वाली नाही, तो तुम्ही व्हा. मात्र येण्याआधी सहा महिने या. गावनकाशा काढा, तुटक रेघ धरून चाला, कुठं तुटली ते लिहून घ्या आणि ते कागद ग्रामसभेपुढं ठेवा. ज्याच्या बांधावरून जायचं त्याच्या दारात जाऊन विचारा. कांदा, गहू उभा असताना येऊ नका, चैत्र-वैशाखात या, आणि उन्हाच्या आधी मुक्कामाला पोचा. जेवण पुण्याहून डब्यात आणू नका, गावच्या बायांकडून पिठलं-भाकरी विकत घ्या. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणल्या तशा परत न्या, बैलाच्या, गाईच्या पोटात जातात त्या. पाचशे जणांनी भरलेल्या पैशांतला थोडा वाटेवर घाला, दगड रोवा, खुणा करा. तुमच्या पाचशे जणांनी दरवर्षी एकच वाट तुडवली, तर नांगर घालणाऱ्याला चारदा विचार करावा लागेल. वाट शेवटी पायांनीच जिवंत राहते.

आणि गावकऱ्यांनो, पाहुण्यांना शिव्या देऊन आपण मोकळे होत नाही. दोन तासांच्या जागेत उसाच्या किती मोळ्या जादा निघतात, त्याचा हिशेब एकदा करा. तेवढ्यासाठी आपल्याच सुनेला, आपल्याच नातवाला उसातून चालायला लावायचं का, ते ठरवा. येत्या १ मेच्या ग्रामसभेत पायवाटांचा विषय घ्या. पाण्यावर, रेशनवर, घरकुलांवर भांडतो तसं यावरही भांडा. नकाशा टेबलावर पसरा आणि ज्याच्या वावरात रेघ तुटली असेल त्याला सगळ्यांदेखत विचारा, वाट कुठाय?