सिनेमा पाहून आल्यावर मुलांना काय विचाराल?

'मी पाहिलेला चित्रपट' हा निबंध तपासायला घेतला की निम्म्या वह्यांत तेच वाक्य: 'हा चित्रपट मला खूप आवडला.' सरळ गाईडमधलं! पण चूक मुलांची नाही, आपल्या प्रश्नाची आहे. आपण सिनेमाची गोष्ट विचारतो, मुलांनी काय पाहिलं ते विचारत नाही.

दादासाहेब फाळके आठवा. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपले राम-कृष्ण उभे राहिले. मग पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन त्यांनी तो पुन्हा पाहिला. पुढे कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपली. ती 'अंकुराची वाढ'. १९१३ साली आला 'राजा हरिश्चंद्र'. म्हणजे आधी नीट पाहणं, मग घरातच छोटंसं काहीतरी करून बघणं. प्रतिभा अशी रुजते.

म्हणून शिक्षक मित्रांनो, विषय जरा बदलूया. तिकिटाच्या रांगेत कोण काय बोलत होतं? मध्यंतरात कसला वास येत होता? तुम्ही दिग्दर्शक असता तर शेवट काय केला असता? पाचच ओळी लिहा, पण स्वतःच्या.

सगळ्यांना थिएटरचं तिकीट परवडत नाही, हे खरं. पण मंडई आहे, एसटी स्टँड आहे, तिथे तर रोज फुकट खेळ! पालकांनो, बाजारात जाताना पिशवीबरोबर मुलालाही न्या. आणि हो, तेवढा वेळ मोबाईल खिशातच राहू द्या, तुमचासुद्धा.