मुक्काम ठरवण्याआधी

माझी लेक जर्मनीत असते. ऑक्टोबरात मला बार्सिलोना दाखवायचं तिने ठरवलंय. परवा तिने एका फ्लॅटचे फोटो पाठवले. जुनी इमारत, लोखंडी कठड्याची गॅलरी, छोटंसं स्वयंपाकघर. "आई, पाच दिवस अख्खं घर आपलं. सकाळचा चहा तुझ्या हातचा." घर मला आवडलं. तरी मी विचारलं, "या घरात आधी कोण राहायचं गं?"

मी कर्जतला, दहिवलीत राहते. शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमच्याकडे शुक्रवारच्या संध्याकाळपासून गाड्यांची रांग लागते. पावसाळ्यात कोंढाण्याकडे, सोलनपाड्याकडे, खालापुरात झेनिथच्या धबधब्याकडे झुंबड उडते. रविवारी संध्याकाळी भिवपुरी रोडला भिजलेली गर्दी लोकलमध्ये घुसते आणि कर्जतहून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुढच्याच नेरळला उतरायला दारापर्यंत पोचता येत नाही.

माझ्याकडे रानभाजी घेऊन येणारी कातकरी बाई आता शनिवार-रविवार एका फार्महाऊसवर झाडलोटीला जाते. एप्रिलमध्ये तिच्या वाडीतली विहीर तळाला लागते. पहाटे चारला उठून ती विहिरीत उतरते, झऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरते. आठ वाजता कामावर गेली की ज्या पोहण्याच्या तलावाची कड ती घासते, त्यात टँकर रिकामा होत असतो. ती कुरकुर करत नाही, कारण त्याच मजुरीवर तिच्या मुलीची वह्या-पुस्तकं येतात. म्हणून पर्यटक नकोत असं मी म्हणणार नाही. ते कसे येतात आणि कसे राहतात, याबद्दल मात्र बोलायलाच हवं.

बार्सिलोनाचे लोक हेच बोलताहेत. वास्तुकार गौडीच्या पार्क ग्युएल या बागेकडे जाणारी ११६ नंबरची छोटी बस पर्यटकांनी इतकी भरायची, की चढावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात जागाच मिळेना. अखेर २०२४ मध्ये पालिकेने गूगल मॅप्सवरून त्या बसचा मार्ग काढून घ्यायला लावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे दुष्काळी आणीबाणी लागली आणि माणशी दिवसाला २०० लिटर पाण्याची मर्यादा आली. जूनमध्ये महापौर जाउमे कोलबोनी यांनी जाहीर केलं, की पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. दहा वर्षांत घरभाडी ६८ टक्क्यांनी वाढली, शहरातल्या माणसाला शहरात घर परवडेना, हे त्यांनी दिलेलं कारण. जुलैत लोक रस्त्यावर उतरले, काहींनी तर पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. पिचकारी मारणं मला पटत नाही. पण त्या माणसांचा वैताग मी घरबसल्या ओळखते.

लेकीने चौकशी केली. त्या इमारतीत आता जेमतेम दोन कुटुंबं उरलीत, बाकी दारांवर आकड्यांची कुलपं. तिने तो फ्लॅट सोडला आणि परवाना असलेलं एक छोटं हॉटेल घेतलं. थोडं महाग पडलं. त्याच पाच दिवसांत तिथून आणखी दोन शहरं धावत बघून यायचा बेतही आम्ही सोडला. एकाच शहरात राहू, सकाळच्या शाळा-कचेरीच्या वेळी बसमध्ये चढणार नाही, पार्कचा चढ पायी चढू.

हेच मागणं मी कर्जत-खालापूरला येणाऱ्यांकडे करते. जरूर या. एका रात्रीऐवजी दोन रात्री राहा. गावातल्या माणसाने चालवलेल्या घरात उतरा, चुलीवरची तांदळाची भाकरी खा आणि तिचे पैसे घासाघीस न करता द्या. फोनवर पोहण्याचा तलाव आहे का असं विचारता, तेव्हा त्याचं पाणी कुठून येतं हेही विचारा. रात्री दहानंतर गाणी बंद करा. शेजारच्या घरात सकाळी पाचच्या लोकलने कामाला जाणारं माणूस झोपलेलं असतं. धबधब्यावर बंदीचा आदेश असेल तर परत फिरा. दरीत अडकलेल्याला शोधायला अंधारात दोर घेऊन आमच्याच गावची पोरं उतरतात.

ग्रामपंचायतींनीही आता गप्प बसू नये. प्रत्येक फार्महाऊसची नोंद करा, बोअरवेलला मीटर बसवा. आणि वाडीच्या विहिरीत पाणी नसेल तोवर तलावासाठी एकही टँकर गावात येणार नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्या. एवढं मोठं शहर आपल्या माणसांसाठी दहा हजार परवाने संपवायचं ठरवतं, तर आपल्या गावाला एक टँकर अडवता यायला हवा.

बार्सिलोना मी डोळे भरून बघणार आहे. पण माझ्याकडे भाजी आणणारी ती बाई येत्या एप्रिलमध्ये पहाटे चारऐवजी सहाला उठू शकली, तर आपल्याकडचं पर्यटन नीट चाललंय असं मी मानेन.