घेण्याआधी चालवून पाहा

गेल्या ईदनंतर भाभींनी पहिल्यांदा विषय काढला. भाईजानना जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात दोन मुलं शिकणारी, आणि उत्पन्न म्हणजे भाभींच्या हाताच्या गुदड्या. मिरजेत आमच्या शेजारणी तिला वाकळ म्हणतात, पुण्या-मुंबईचे लोक गोधडी म्हणतात. नाव काहीही घ्या, काम तेच. जुन्या साड्यांचे चार-पाच थर आणि त्यावर कडेपासून आत फिरत जाणारा धावदोरा. एक गुदडी हातानं पुरी व्हायला तीन-चार आठवडे. मागणी होती, पण बोटं आणि डोळे साथ देईनात. भाभी म्हणाल्या, "बिशीचे ४० हजार हातात येतायत. मशीन घेऊ या. पण चुकीची घेतली तर दुसऱ्यांदा घ्यायला पैसे नाहीत."

हे शेवटचं वाक्य आमच्या मनात राहिलं. आपल्या घरांत मशीन बहुतेक वेळा दुकानदाराच्या सल्ल्यानं नाहीतर शेजारणीची पाहून घेतली जाते. शाळेत आम्ही मुलांना सांगतो, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा. म्हणून ठरवलं, पैसे देण्याआधी प्रत्येक मशीन आपल्या कपड्यावर, आपल्या हातानं चालवून पाहायची.

भाचीनं मोबाइलवर आधी लाँगआर्म दाखवली. अमेरिकेत रजया शिवणाऱ्या बायकांची ही लाडकी मशीन. गॅमिल, हँडी क्विल्टर ही त्यातली मोठी नावं. घरच्या मशीनमध्ये सुईपासून खांबापर्यंत सहा-सात इंच जागा असते, हिच्यात १८ पासून ३० इंचांपर्यंत. आणि खरा फरक वेगळाच आहे. आपण कापड सरकवतो, सुई जागेवर असते. इथं कापड लांब चौकटीवर रुळांमध्ये ताणून बसवलेलं असतं आणि मशीनचं डोकं चाकांवरून पुढं-मागं, डावी-उजवीकडं फिरतं. कागद सरकवून लिहायचं की पेन फिरवून, इतका तो फरक. भाची म्हणाली, "फुफू, हीच घ्या!" किंमत लाखांच्या घरात होती. पण बघायला काय हरकत?

पुण्यात एका बाईंनी अशी मशीन घरी ठेवली आहे आणि त्या ती तासाच्या भाड्यानं देतात, असं कळलं. फोन करून वेळ घेतली आणि आम्ही तिघी गाडीनं गेलो. भाभींनी सोबत साड्यांचे थर घालून कच्चे टाके मारलेला चौकोन नेला होता.

पहिली पंधरा मिनिटं भाभी घाबरल्या. दोन्ही हातांनी मुठी धरायच्या आणि उभं राहून डोकं फिरवायचं. हात जलद गेला की टाका लांब, हात अडखळला की एकाच जागी दोऱ्याचा गोळा. मग त्या बाईंनी एक बटण दाबलं. चाकांना लावलेले सेन्सर हाताचा वेग मोजतात आणि त्याप्रमाणे सुई जलद किंवा सावकाश चालते. टाके एकदम सारखे पडू लागले. भाभींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. वेलबुट्टी, लाटा, पानं, जे मनात येईल ते कापडावर उतरत होतं.

मग त्या म्हणाल्या, "आता माझी गुदडी घालते." आणि तिथंच गाडी अडली. चौकटीवर एका वेळी जेमतेम दोन फुटांचा पट्टा समोर असतो. तो शिवून झाला की रूळ फिरवायचा आणि पुढचा पट्टा घ्यायचा. भाभींचा धावदोरा मात्र चारही कडांपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जातो. पुरी गुदडी समोर नसेल तर तो चौकोन प्रत्येक पट्ट्यात तोडून पुन्हा जोडावा लागतो. करता येतं, पण जोड दिसतात. आणि गिऱ्हाईक भाभींकडं येतं ते त्या चौकोनांसाठीच.

दुसरी गोष्ट जागेची. तिथली चौकट १० फूट लांब होती आणि दोन्ही बाजूंनी फिरायला जागा हवी. भाभींची खोली १० बाय ११. मुलांनी झोपायचं कुठं? तास संपला तेव्हा भाभींचे खांदेही दुखत होते. भाड्याचे पैसे मात्र वाया गेले असं आम्हाला वाटत नाही. ती मशीन न चालवता परतलो असतो, तर "ती घेता आली असती तर" ही रुखरुख कायमची राहिली असती.

पुढच्या रविवारी मशीनच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानात नवी कोरी कारखान्याची मशीन. दुकानदारानं खळ लावलेल्या मलमलीच्या दोन पट्ट्यांवर सरळ टीप मारून दाखवली. सुरेख! आम्ही पिशवीतून आमचा पाच थरांचा तुकडा काढला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. शिवण आली तिथं सुई ठेचकाळली, पुढं तीन टाके सुटले. उलटी बाजू पाहिली तर दोऱ्याचे फासे लोंबत होते. "घरी येऊन सेटिंग करून देऊ," ते म्हणाले. सेटिंगनं जमतं, तर इथंच करा ना! जाडी सुई घालून, वरच्या दोऱ्याचा ताण वाढवून त्यांनी प्रयत्न केला. फासे गेले, टाकेही सुटायचे थांबले.

मग भाभींनी आपली परीक्षा घेतली. प्रत्येकी ४० इंचांच्या दोन सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवून टीप मारली. शेवटाला वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा जवळजवळ अर्धा इंच पुढं आली. कारण सरळ आहे. खालचे दात खालचं कापड ओढतात, वरचं कापड फूटखाली अडतं. ४० इंचांत अर्धा इंच, मग कडेपासून मध्याकडं शिवत आलेल्या गुदडीत हे सगळं जादा कापड मध्यभागी फुग्यासारखं गोळा होणार. अशी गुदडी कोण घेणार?

त्याच दुकानात हप्त्यांचाही विषय निघाला. रोख २८ हजार, नाहीतर २,६५० चे फक्त बारा हप्ते आणि फाइलचे ८००. "फक्त" या शब्दापाशी थांबून आम्ही तिथंच गुणाकार केला. ३१,८०० अधिक ८०० म्हणजे ३२,६००. वरचे ४,६०० कशाचे? त्याला व्याज हे नाव कुणी घेत नव्हतं, इतकंच. भाभी म्हणाल्या, "त्यापेक्षा आणखी सहा महिने हातानं शिवेन."

दोन गल्ल्या सोडून एका छोट्या दुकानात एक जुनी मशीन होती, बॅगा शिवणाऱ्या कारखान्यातून आलेली. तिच्यात खालच्या दातांबरोबर वरचं फूटही पाऊल टाकत चालतं, सुईसुद्धा कापडासोबत सरकते. त्यामुळं सगळे थर एकत्र पुढं जातात. पट्ट्यांच्या परीक्षेत दोन्ही टोकं जुळली. पाच थर, आठ थर, आडवी शिवण, सगळं पार झालं.

पण मशीन जुनी. आम्ही चाक हातानं सावकाश फिरवून पाहिलं, कुठं अडकतं का ते. सुईखालची पत्र्याची पट्टी काढायला लावली, कारण रंग नवा असला तरी चरे तिथं दिसतात. बॉबिनभोवती फिरणाऱ्या हुकला एक छोटा ओरखडा होता. दुकानदारानं तो स्वतःहून दाखवला आणि घासून गुळगुळीत करून दिला. ज्यानं माल विकताना दोष लपवला नाही, त्याच्यावर भरवसा ठेवायला आमचं मन लगेच तयार झालं. मोटारही विचारून घेतली. जुन्या क्लच मोटारी आपण शिवत नसतानाही घुमत राहतात आणि वीज खातात. इथं सर्वो मोटार होती, पॅडल दाबलं तरच फिरणारी आणि वेग कमी करता येणारी.

एक प्रश्न उरला होता. सुईपासून खांबापर्यंत साधारण १० इंच जागा, त्यात गुदडी मावेल? घरी कागदावर आकृती काढली. ६० बाय ९० इंचांची गुदडी कडेपासून चौकोनात शिवत गेलो, तर बाहेरची बाजू खांबाकडं ठेवायची. मध्याशी पोचलो तरी खांबाकडं गुंडाळून ठेवायचं कापड ३० इंचांच्या वर जात नाही. साड्यांची पातळ गुदडी तेवढी मावते. डबल बेडची, ९० बाय १०० ची असेल तर ४५ इंच होतं, तिथं ओढाताण. भाभींनी ठरवलं, डबल बेडच्या पूर्वीसारख्या हातानंच, आणि त्याचे दामही वेगळे.

किंमत ठरली ३६ हजार. एक अट आम्ही घातली, की तीन दिवस घरी चालवू, पटली नाही तर परत. आपल्या फिकहमध्ये खरेदीदाराच्या अशा हक्काला खियार म्हणतात. मागायला लाजू नये, आणि शब्दावर न सोडता बिलावर लिहून घ्यावं. दुकानदारानं लिहून दिलं.

ज्या भगिनी मशीन घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी आमचा अनुभव थोडक्यात. आपण रोज शिवतो तेच कापड, तितकेच थर आणि तोच दोरा सोबत न्या. किमान अर्धा तास स्वतः बसून चालवा. आधी सावकाश, मग जलद. दर वेळी उलटी बाजू पाहा. सुई, बॉबिन आणि सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, दुरुस्तीला कोण येतं, हे विचारा. घरातली जागा टेपनं मोजून जा. आणि हप्त्याचा आकडा ऐकला की हप्त्यांच्या संख्येनं गुणा.

उरलेल्या चार हजारांत भाभींनी मशीनच्या डावीकडं लाकडी फळी जोडून घेतली. नाहीतर गुदडीचं वजन खाली लोंबतं आणि टाका वाकडा जातो. सुया आणि दोऱ्याची रिळं आली. तीन दिवस संपले, मशीन परत गेली नाही.

पहिली गुदडी पाच दिवसांत झाली. भाभींनी ती अम्मींपुढं ठेवली. अम्मींनी ६० वर्षं हातानं गुदड्या शिवल्या, यंत्राचं काम त्यांना कधी पटलेलं नाही. त्यांनी आधी ती उलटी केली. मागच्या टाक्यांवरून बोट फिरवत चारही कोपरे पाहिले, मधोमध तळहात दाबून फुगा आहे का ते पाहिलं. मग घडी घालून भाभींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "दुसरी घ्यायला घे."